चौघींचं खातं

मेघना पालव मोबाइलवर आपला प्रश्न लिहायला घेणार, एवढ्यात डावीकडची जुन्या प्रश्नांची यादी एका ओळीने खाली सरकली आणि सगळ्यात वर नवी ओळ आली : ‘राधा – काजूच्या चिकाने हाताची साल का निघते’. तिचं बोट तसंच अधांतरी राहिलं. लालबागमधल्या मंडळाच्या कार्यालयावरची अभ्यासिका, एप्रिलची दुपार, चारचा सुमार. डोक्यावरचा पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. समोर प्रिती मान खाली घालून आकृत्या काढत होती, तिच्या शेजारी श्रेया पुस्तकावर गाल टेकून पेंगत होती. कशातच काही बदललेलं नव्हतं, फक्त एक ओळ आली होती. सात आठवडे राधा परब फोन उचलत नव्हती. सात आठवडे तिने एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. बंद घराच्या दाराशी ओळखीच्या चपला दिसाव्यात आणि कडी वाजवावी की नाही ते कळू नये, तसं मेघनाला झालं. तिने मोबाइल उलटा करून बाकावर ठेवला. मग सुलटा केला. ओळ तिथेच होती.

खातं चौघींचं होतं. परळच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या या चौघी. दादरच्या क्लासची पायरी चढणं कुणाच्याच घरच्यांना झेपणारं नव्हतं, आणि अभ्यासात मदत करणारं ते एआय फुकटात चार-दोन उत्तरं द्यायचं आणि नेमकं काही समजू लागलं की पुढचं नंतर विचारा म्हणून गप्प व्हायचं. वर्गातल्या ज्यांनी पैसे भरून पूर्ण घेतलं होतं ते त्याच्याशी घरी येणाऱ्या मास्तरांशी बोलावं तसं बोलायचे, हे परत सांगा, ते सोपं करून सांगा. आणि या चौघी त्यांच्या मागच्या बाकावर बसून, आपला आजचा शेवटचा प्रश्न कशावर घालवायचा याचा विचार करत राहायच्या. आपण चौघींत एक घेऊ, ही कल्पना राधाची. ऑगस्टमध्येच चौघींनी मिळून वर्षभराचं भरून टाकलं, खातं मेघनाच्या ईमेलवर उघडलं, आणि नियम राधाने घातला. प्रत्येकीने आपल्या प्रश्नाला आपलं नाव द्यायचं, दुसरीचं उघडायचं नाही. वही वाचली तर चालेल, ती म्हणाली होती, पण माणूस काय विचारतो ते वाचू नये, त्याला काय येत नाही ते त्यातून कळतं. मेघनाला तेव्हा हसू आलं होतं. चौघींत सगळ्यात जास्त येत होतं ते राधालाच, आणि सगळ्यात जास्त विचारायचीही तीच. बसमधून जाताना, रस्ता ओलांडताना, चहा गार होत असताना तिला काहीतरी प्रश्न पडायचा आणि ती मेघनाचा दंड धरून थांबवायची, ए, हे असंच का गं? मेघनाला उत्तर क्वचितच यायचं. पण दंडावरचा तो हात तिला हवासा वाटायचा, आणि उत्तर येत नसलं तरी ती जरा वेळ विचार केल्यासारखं करायची, हात लगेच निघू नये म्हणून.

फेब्रुवारीत परीक्षेचे फॉर्म भरून झाले आणि पुढच्या सोमवारी राधा कॉलेजात आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मेघना तिच्या घरी, डिलाईल रोडच्या चाळीत गेली, तर चाळ रिकामी होत होती. नवीन इमारत उभी राहायची म्हणून बिऱ्हाडं हलत होती; जिन्यावर कुणाची गादी, कुणाचं कपाट, कुणाची तुळस. दुसऱ्या मजल्यावरच्या राधाच्या खोलीला दारच उरलं नव्हतं. आत भिंतीवर कपाटाच्या आकाराचा एक चौकोन तेवढा ताज्या रंगाचा राहिला होता. शेजारची बाई भांडी गोणीत भरता भरता म्हणाली, ती मायलेकरं गेली की रविवारीच, कुडाळकडे गावाला. ती पोटभाडेकरू ना, त्यांना कुठली बदली खोली मिळणार? मेघना त्या शब्दापाशीच अडकली. तीन वर्षं राधा ‘आमची खोली’ म्हणत आली होती. त्या खोलीत बसून मेघनाने तिच्या आईच्या हातचे घावणे खाल्ले होते, खिडकीच्या गजाला पाय लावून दोघींनी पाठांतर केलं होतं, आणि ती खोली कुणा तिसऱ्याच माणसाची होती हे राधाने एकदाही सांगितलं नव्हतं. म्हणजे काय काय सांगितलं नव्हतं? परत येताना पुलावर उभी राहून मेघना खालून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिली. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, असं तिने स्वतःला विचारलं, आणि काहीच नाही, हे उत्तर इतकं पटकन आलं की तिला राधाचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

आता ती ओळ समोर होती आणि नियम घालणारी तीनशे मैलांवर. मेघनाने ओळ उघडली. टरफलाचा चीक लागला की साल निघते, त्यात फिनॉल असतं का, असं राधाने विचारलं होतं. यंत्राने सविस्तर समजावायला घेतलं होतं. त्यावर राधा : ‘थोडक्यात सांग. इथे रेंज जाते.’ मग यंत्राने थोडक्यात सांगितलं होतं, की चिकातलं आम्ल सॅलिसिलिक आम्लासारखंच, फक्त मागे पंधरा कार्बनांची शेपटी. ‘ती शेपटी सरळ असते की मध्ये डबल बाँड असतात?’ कधी सरळ, कधी एक, दोन, तीन. ‘इथल्या बायका हाताला राख लावतात. राखेने आम्ल मरतं म्हणून का?’ यंत्र म्हणालं, काही अंशी, पण हातमोजे घालणं बरं, आणि जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा. ‘मोजे घातले की गराचा अंदाज येत नाही. अख्खा निघत नाही, तुकडा पडतो.’ आणि शेवटी एक ओळ, जिच्यात प्रश्नच नव्हता : ‘उजव्या हाताच्या दोन बोटांची साल गेलीय. पेन धरवत नाही.’

मेघनाने मान वर केली तर श्रेया जागी होऊन तिच्याकडे बघत होती. काय झालं, तिने विचारलं. काही नाही, मेघना म्हणाली, आणि उठून गॅलरीत गेली. खाली गल्लीत मिरच्यांचा खकाणा उडत होता. वर्षाचा मसाला कुटून घ्यायचे हे दिवस. तिची आई याच गल्लीत डंकावर मिरच्यांची देठं काढायला जायची आणि घरी आली की दोन्ही हात ताकाच्या पातेल्यात बुडवून बसायची. तेवढा वेळ तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात अलिखित नियम. लहानपणी मेघना दारात उभी राहून त्या ताकातल्या हातांकडे बघायची. तिला भीती वाटायची, आणि आपल्याला भूक लागलीय हे सांगायची लाज वाटायची. मिरचीने हात का जळतात, हे इतक्या वर्षांत तिने कुणालाही विचारलं नव्हतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत येऊनही नाही. राधाने मात्र काजूच्या कारखान्यातल्या पहिल्याच सीझनला विचारलं. साल निघालेल्या बोटांनी विचारलं, शेपटी सरळ आहे का?

पुढचे चार दिवस राधाची ओळ रोज दुपारी चारच्या आसपास येत राहिली. कारखान्यातून सुटून ती कुठेतरी चढावर जात असेल, जिथे रेंज येते तिथे. एखाद्या दगडावर टेकत असेल. मोबाइल डाव्या हातात धरत असेल. हे सगळं मेघना आपल्या मनाने उभं करत होती. तिने कोकण पाहिलं होतं ते गणपतीत दोन-चारदा, तेही पावसातलं, हिरवं. एप्रिलमधला तो रखरखीत चढ तिला नीट दिसेना, मग ती त्या जागी पुलाचा चढ घालायची आणि राधाला त्याच्यावर बसवायची. काही प्रश्न पोर्शनमधले होते, पाचव्या युनिटमधले, जणू राधा अजूनही यांच्याबरोबरच वाचत होती. एकदा तिने विचारलं, शेवटचं सेमिस्टर राहिलं असेल तर बाहेरून परीक्षा देता येते का? यंत्र म्हणालं, हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे, आपल्या कॉलेजात चौकशी करा. त्यानंतर राधाने दोन दिवस पोर्शनमधलं काही विचारलं नाही. कोकमाच्या रंगाबद्दल विचारलं. मेघना वाचायची आणि तिला यंत्राचा मत्सर वाटायचा. ते कधी कंटाळत नव्हतं. त्याला उत्तर यायचं. राधाने त्याला ‘अजून एकदा सांग’ म्हटलं की ते अजून एकदा सांगायचं, आणि आपला दंड धरला जावा असं त्याला काही वाटत नसावं.

पाचव्या दिवशी लिमिट संपलं. चौघींच्या मिळून प्रश्नांना ठरावीक तासांत मर्यादा होती, आणि ती गाठली की खातं काही तास बंद व्हायचं. परीक्षा आठ दिवसांवर आलेली. प्रिती एका रासायनिक अभिक्रियेच्या मध्यावर होती, तिच्या उत्तराची पुढची पायरी आलीच नाही. तिने यादी खालीवर करून बघितली आणि मोबाइल मेघनापुढे सरकवला. रागावली नव्हती ती, प्रिती सहसा रागवायची नाही. तिचे वडील गिरगावात एका दुकानात उभ्याने काम करायचे, मोठी बहीण नापास होऊन घरी बसलेली. या निकालावर तिच्या घरचं बरंच काही ठरायचं होतं.

‘राधा अजून वापरतेय,’ ती म्हणाली.

‘तिनेही भरलेत ना,’ मेघना म्हणाली.

‘भरलेत. पण ती परीक्षेला बसत नाहीये, मेघू. आपण बसतोय. आठ दिवस पासवर्ड बदल, नंतर दे तिला परत. आणि काजू, कोकम हे फुकटवाल्यातही विचारता येतं.’

श्रेयाने नजर वळवली. प्रिती म्हणत होती त्यात चुकीचं काय होतं, हे मेघनाला सांगता येईना. खातं तिच्या ईमेलवर होतं, बदलायचं तिनेच होतं. करते, ती म्हणाली.

घरी जाताना ती एका बंद दुकानाच्या फळीवर टेकली. पासवर्ड बदलण्याचं पान उघडलं. नवा शब्दही सुचला. मग तिने ते पान तसंच ठेवलं आणि राधाची काजूची ओळ उघडून तिच्याखाली लिहिलं : ‘राधे, मी मेघना. हात कसा आहे?’ पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की उत्तर कोण देणार. यंत्राने लगेच दिलं. ‘नमस्कार मेघना! मला हात नाहीत, पण विचारल्याबद्दल आभार. राधाच्या हाताला बरं वाटत नसेल तर...’ मेघना हसली. नियम मोडल्याची कबुली आता राधाच्याच प्रश्नाखाली लिहिलेली होती. पासवर्डचं पान तिने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ओळ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रितीचे प्रश्न अडखळेनासे झाले, श्रेयाने विचारलं, बदललास ना? मेघना हो म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण त्याहून मोठं ओझं दुसरंच होतं. पासवर्ड न बदलताही आपण दार लावलंच, असं तिला वाटत राहिलं. कुणीतरी वाचतंय हे कळलं की माणूस विचारायचं सोडतो. तिला पहिल्या वर्षाची राधा आठवली. लायब्ररीतून घेतलेलं पुस्तक परत करायला दोघी गिरगावात गेल्या होत्या, आणि बसस्टॉपवर राधाने तिकिटाच्या पाठीमागे बेन्झीनचं कडं काढून विचारलं होतं की हे फिरतं म्हणतात तर नक्की काय फिरतं. मेघना विचार केल्यासारखं करत राहिली. राधा म्हणाली, ‘तुला येत नाहीये ना? मग सांग की. मला तुझ्यासमोर विचारायला आवडतं, उत्तर दिलंच पाहिजेस असं थोडंच आहे.’ त्या वाक्याचं काय करायचं हे तेव्हा कळलं नव्हतं. तीन बसगाड्या त्यांनी सोडल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी कॉलेजात हॉल तिकिटं वाटली. क्लार्कने यादीवर बोट फिरवत पालव म्हटलं, मेघनाने सही केली, आणि तिच्या सहीखालच्या रकान्यात परब राधा हे नाव छापलेलं दिसलं. फॉर्म भरलेला होता. नंबर आलेला होता. परीक्षा बाहेरून द्यायचा प्रश्नच नव्हता, ती आतच होती. मेघनाने तिचंही तिकीट मागितलं, क्लार्क म्हणाला ज्याचं त्यालाच मिळेल. दुपारी अभ्यासिकेत बसून ती हे कसं लिहावं याची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात काजूची ओळ यादीत वर सरकली.

‘मेघने, उघडलंस तर.’

खाली यंत्र : आपण काय उघडण्याबद्दल बोलत आहात ते स्पष्ट कराल का?

‘उघडलं. चुकलंच. फोन का नाही उचलत?’

फोन न उचलण्याची अनेक कारणं असू शकतात, यंत्र म्हणालं, आणि त्याने पाच कारणं दिली. त्यांत राधाचं नव्हतं. राधाने लिहिलं : ‘तुझा आवाज ऐकला असता तर आईसमोर रडले असते.’ यंत्राने समजूत घातली. मेघनाने घाईघाईने लिहिलं, तुझं हॉल तिकीट आलंय, माझ्यामागचाच नंबर आहे, रात्रीच्या गाडीला बस आणि ये, आमच्याकडे राहा. मध्ये एक सभ्य माणूस बसावा आणि त्याने प्रत्येक वाक्याला उत्तर द्यावं, असं चाललं होतं. दोघी त्याला ओलांडून एकमेकींपर्यंत जात होत्या.  मग राधाचं उत्तर आलं : ‘बोटं अजून बरी नाहीत. आणि सीझन मेअखेरपर्यंत आहे, मध्ये सोडलं तर पुढच्या वर्षी घेत नाहीत. आईला कुणी ओळखतही नाही इथे, एकटीला टाकून कशी येऊ? पुढच्या वर्षी बघू.’

मेघनाने लिहिलं : ‘पुढच्या वर्षी मी कुठे असेन?’

ते गेलं, आणि खाली राखाडी अक्षरांत आलं की आपली मर्यादा संपली आहे. तिने फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

समोरून प्रिती बघत होती. तिचा प्रश्नही अर्ध्यावर तुटला होता. तू बदललाच नाहीस, ती म्हणाली. मेघनाने आपला मोबाइल तिच्यापुढे ठेवला. प्रितीने पहिल्यापासून वाचलं, सालीपासून. वाचताना एकदा तिने स्वतःच्या उजव्या हाताची बोटं चोळली. शेवटपर्यंत येऊन मोबाइल परत देताना म्हणाली, ‘हे मला कशाला दाखवलंस? आता मी काय बोलू?’

‘माझा वाटा तिला,’ मेघना म्हणाली. ‘परीक्षेपर्यंत मी एकही प्रश्न विचारणार नाही. तुमचं काही कमी होणार नाही.’

‘वेडी आहेस का? तुला सहावं युनिट शून्य येतंय.’

‘माहितेय.’

प्रितीने पुस्तकं उचलली आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली. परीक्षेपर्यंत तिथेच बसत राहिली, बोलणं कामापुरतं. पण चार ते पाच तिचा मोबाइल टेबलावर उलटा पडलेला असायचा, हे मेघनाला दिसायचं. मेघना पुस्तकातून वाचत होती. एकच परिच्छेद सहा वेळा वाचायची आणि सातव्यांदा थोडासा उजेड पडायचा किंवा पडायचाही नाही. राधा रोज यायची. मोजकं विचारायची. तिचं लिहिणं आता जरा सुटसुटीत वाटत होतं, बोटं भरून येत असावीत. त्या शेवटच्या प्रश्नाला मात्र तिने उत्तर दिलं नाही, आणि मेघनानेही तो पुन्हा विचारला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी एवढंच आलं : ‘पेपर झाला की मला पाठव.’

सेंटर दादरला होतं. मेघनाच्या मागचा बाक रिकामा राहिला. अर्धा तास झाल्यावर पर्यवेक्षक बाईंनी सहीचा कागद फिरवला; मेघनाने आपल्या नावासमोर सही केली, आणि बाईंनी तो तिच्या हातातून घेऊन खालच्या नावासमोर लाल पेनने गैरहजर लिहिलं. एवढंसं काम, शाई वाळायलाही वेळ लागला नाही. त्या तीन तासांत मेघनाला पाठीमागे सारखं कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं. जे येत होतं ते तिने लिहिलं. सहाव्या युनिटचा प्रश्न आला, तिथे तिने पुस्तकातलं सातव्या वाचनातलं जे काही हाती लागलं होतं ते लिहिलं. बरोबर की चूक, तिला सांगता आलं नसतं.

बाहेर फुटपाथवर ऊन होतं, पोरं घोळक्याने उत्तरं ताडून बघत होती. मेघना एका झाडाखाली गेली, प्रश्नपत्रिका गुडघ्यावर सपाट करून तिने दोन्ही पानांचे फोटो काढले आणि राधाच्या नावाने टाकले. यंत्राने तत्परतेने सुरुवात केली, प्रश्न पहिला, अ. तिने ते मध्येच थांबवलं.

‘तू सोडवू नकोस. हे राधासाठी आहे.’

‘ठीक आहे. मी थांबतो.’

प्रिती मागून आली. तिच्या कपाळावर केस चिकटले होते. पाठवलास का, तिने विचारलं. मेघनाने मान हलवली. प्रिती तिच्याशेजारी झाडाच्या पारावर बसली, पाण्याची बाटली पुढे केली, आणि पेपर कसा गेला हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

राधा आली तेव्हा त्या अजून तिथेच होत्या. तिने पहिल्या प्रश्नापासून घेतलं. एकेक पायरी, मधून मधून थांबत, रेंज जात असावी. यंत्राने मध्ये तोंड घातलं तर तिने त्याला गप्प बस म्हणून लिहिलं. चार प्रश्न झाले. सहाव्या युनिटच्या प्रश्नाशी येऊन ती थांबली, आणि मग एक ओळ आली : ‘हे मला येत नाहीये. तू काय लिहिलंस गं?’

मेघनाने प्रश्नपत्रिका पुन्हा उलगडली. बरोबर आहे की नाही माहीत नाही, असं तिने आधी लिहिलं, मग ते खोडलं, आणि आपलं उत्तर आठवेल तसं पहिल्या ओळीपासून लिहायला लागली.